पिस्तूल : भरून बाळगण्याच्या पद्धती

अंगावरील कपड्यांत झाकून बाळगलेल्या पिस्तुलाच्या कोठीत काडतूस चढवून ठेवावे, की ती रिकामी ठेवावी, हा लहान अग्निशस्त्रांच्या इतिहासातील एक जुना व अद्याप पूर्णपणे न मिटलेला प्रश्न होय. नळीच्या मागील टोकाशी असलेल्या ज्या पोकळीत काडतूस बसते व तेथेच पेट घेते, तिला कोठी म्हणतात. कोठी भरलेली असल्यास पिस्तूल बाहेर काढून चाप ओढणे एवढेच काम उरते. ती रिकामी असल्यास प्रथम पिस्तुलाचा वरचा सरकता भाग (स्लाइड) मागे ओढून सोडावा लागतो व त्यासाठी बहुधा दुसरा हात लागतो. पहिल्या पद्धतीत क्षण वाचतात, दुसरीत अपघाताचा संभव घटतो, अशा सुटसुटीत शब्दांत हा वाद मांडला जातो. त्याचा इतिहास पाहता मात्र असे आढळते, की प्रत्येक काळातील उत्तर बाळगणाऱ्याच्या धाडसापेक्षा हातातील यंत्रणा काय अडवू शकते आणि काय अडवू शकत नाही यावरच अवलंबून राहिले आहे.

शस्त्र झाकलेले असले म्हणजे प्रश्न अधिक तीव्र होतो. सैनिकाचे पिस्तूल उघड्या म्यानात असते व त्याला शत्रू जवळ आल्याची पूर्वसूचना पुष्कळदा मिळते. झाकून बाळगलेले शस्त्र दिवसाचे कित्येक तास शरीराला चिकटून असते. बसताना, वाकताना, वाहनात चढताना ते हलते. खिशात, कमरेशी किंवा पिशवीत असताना त्याच्या नळीचे तोंड अनेकदा बाळगणाऱ्याच्याच मांडीकडे वा पोटाकडे वळलेले असते. ज्या प्रसंगासाठी ते बाळगले जाते तो आयुष्यात एकदाही येईलच असे नाही. निसटणे, अडकणे, पडणे हे मात्र नित्याचे.

ठासणीच्या पिस्तुलांच्या काळात निवडीला फारसा वाव नव्हता. दारू व गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागे, त्यामुळे पिस्तूल एक तर भरलेले असे किंवा निरुपयोगी. चकमकीच्या पिस्तुलात सुरक्षिततेचा भार घोड्यावर होता. घोडा अर्ध्यावर चढवून ठेवला, की तो एका खोल खाचेत अडके व चाप ओढूनही पडत नसे. झाडण्यापूर्वी तो पूर्ण चढवावा लागे. ही खाच झिजली किंवा तिचा काठ तुटला, तर शस्त्र मालकाला न विचारताच उडे. रंजकाची दारू दमट हवेत नासत असल्याने पुष्कळदा उलट तक्रार असे : हवे तेव्हा ते उडतच नसे. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे एकस्व घेतले आणि पुढे तांब्याच्या टोप्या प्रचारात आल्या. त्यामुळे खिशातले पिस्तूल पहिल्यांदाच विश्वासार्ह झाले. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर याची तळहातात मावणारी एकबारी पिस्तुले याच काळातील होत. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल याच जातीचे होते. टोपीमुळे मिळालेल्या या विश्वासार्हतेची दुसरी बाजू अशी, की टोपीला कोणता आघात घोड्याचा व कोणता जमिनीचा हे कळत नाही. पुढील सुमारे दीडशे वर्षांतील बहुतेक सुधारणा हा भेद शस्त्राला शिकविण्यासाठी झाल्या.

सॅम्युएल कोल्ट याला १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळाले. त्याच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्राच्या मागील बाजूस दोन कोठ्यांच्या मधोमध बारीक खुंट्या ठेवलेल्या असत. घोड्याच्या तोंडाला पाडलेली खाच त्या खुंटीवर बसविली, की घोडा कोणत्याही टोपीवर टेकत नसे व सहाही कोठ्या भरून शस्त्र बाळगता येई. रेमिंग्टन कारखान्याने हेच काम चक्रात खोल खाचा पाडून अधिक भक्कमपणे साधले. कोल्टच्या खुंट्या लौकर झिजत, व झिजलेल्या खुंटीवरून चक्र नकळत फिरे. धातूच्या काडतुसांसाठी १८७३ मध्ये निघालेल्या कोल्टच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमध्ये तर ही सोयही उरली नाही. त्यात टाचणी घोड्याच्या टोकालाच जोडलेली होती; घोडा खाली असताना ती सरळ काडतुसाच्या टोपीवर टेके. घोडा किंचित मागे अडविणारी एक खाच होती खरी, परंतु शस्त्र घोड्यावर आपटल्यास तिचा नाजूक काठ सहज तुटे. यातून सहा कोठ्यांच्या शस्त्रात पाचच काडतुसे भरावीत व घोडा रिकाम्या कोठीवर ठेवावा असा प्रघात पडला.

हा प्रघात सर्वांनीच पाळला असे नाही. कॅन्सस राज्यातील विचिटा गावी जानेवारी १८७६ मध्ये पोलीस अधिकारी वायट अर्प हा एका मद्यगृहाच्या मागील खोलीत बसला असताना त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटले, खुर्चीवर आपटले आणि उडाले. गोळी त्याच्या कोटातून जाऊन अखेर छतातून बाहेर पडली. स्थानिक वृत्तपत्राने ही हकीकत थट्टेच्या सुरात छापली. स्ट्युअर्ट लेक याने लिहिलेल्या आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्पच्या चरित्रात जाणता माणूस पाचच काडतुसे भरतो असे मत त्याच्याच तोंडी आले आहे. विचिटातील घटनेने ते किती पक्के केले असेल, याचा तर्क वाचकाने करावा.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढविताच चक्र फिरून पुढची भरलेली कोठी नळीसमोर येते. म्हणून घोड्याखालची कोठी रिकामी ठेवण्याची किंमत एक काडतूस एवढीच असते. वेळ जात नाही व दुसरा हातही लागत नाही. पुढे आलेल्या स्वतः भरल्या जाणाऱ्या पिस्तुलात रिकाम्या कोठीची किंमत वेळेत व हातात मोजावी लागते. या दोन शस्त्रांसाठी एकच नियम सांगणाऱ्यांनी या वादात पुष्कळ गोंधळ माजविला आहे.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत प्रश्न हळूहळू यंत्रकारांनी सोडविला. स्मिथ अँड वेसन यांनी १८८७ मध्ये खिशात बाळगण्यासाठी खास रिव्हॉल्व्हर काढले. त्याचा घोडा आत झाकलेला होता व मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप ओढला जात नसे. एका मुलाच्या हातून झालेल्या अपघाताची वार्ता ऐकून डॅनिएल वेसन याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आयव्हर जॉन्सन या मॅसॅचूसेट्समधील कारखान्याने वेगळा मार्ग धरला. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा टाचणीला स्वतः लागतच नसे. चाप पूर्ण ओढला तरच एक पट्टी वर सरके व घोड्याचा आघात तिच्यामार्फत टाचणीवर पोहोचे. विसाव्या शतकाच्या आरंभी या कारखान्याने, भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर हातोडीने ठोकून पहावे, अशी जाहिरातच केली होती. ही रिव्हॉल्व्हरे स्वस्तातली म्हणून जाणकार त्यांना नाके मुरडीत. त्यांतील तत्त्व मात्र पुढे सर्वांना स्वीकारावे लागले. कोल्टने १९०५ च्या सुमारास घोडा व टाचणीचे छिद्र यांच्यामध्ये येणारा अडसर बसविला. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्येही असा अडसर होता, परंतु तो पूर्ण भरवशाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने लाखो रिव्हॉल्व्हर पुरविली; १९४४ च्या अखेरीस त्यांपैकी एक जहाजाच्या पोलादी पृष्ठावर पडून उडाले व एक नौसैनिक ठार झाला. कारखान्याने त्यानंतर अवघ्या काही दिवसांत नवा अडसर तयार केला.

जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरला मात्र आणखी तीन दशके थांबावे लागले. विल्यम रूगर याच्या कारखान्याने १९५३ पासून १८७३ च्या धर्तीवरील रिव्हॉल्व्हरे बनविली, ती जुना दोष घेऊनच. सहाही कोठ्या भरून बाळगणाऱ्यांचे अपघात व त्यांतून उद्‌भवलेले दावे यांनंतर १९७३ मध्ये त्याने आघात पोहोचविणाऱ्या पट्टीची रचना स्वीकारली आणि १९८२ पासून जुनी शस्त्रेही विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. पाच काडतुसांचा प्रघात शंभर वर्षे लोकांच्या तोंडी होता; तरीही तो ठाऊक नसलेला ग्राहक गृहीत धरूनच शस्त्र घडवावे लागते, हे या प्रकरणातून कारखानदारांना कळले.

‘स्वयंचलित’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, परंतु वस्तुतः केवळ स्वतः भरल्या जाणाऱ्या पिस्तुलांचा प्रसार १८९० नंतर झाला. बोर्खार्ट, माउझर व लूगर या जर्मन पिस्तुलांबरोबरच जॉन ब्राउनिंग या अमेरिकन यंत्रकाराने बेल्जियममधील एफ. एन. कारखान्यासाठी केलेले १९०० चे पिस्तूल महत्त्वाचे होय. ते चपटे, खिशात न दिसणारे व स्वस्त असल्याने जगभर पसरले. विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ मध्ये लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर झाडलेले पिस्तूलही ब्राउनिंगचेच होते.

अशा पिस्तुलात एक गोळी झाडली, की पुढचे काडतूस आपोआप कोठीत येते व पुढच्या वेळी चाप ओढण्यास अत्यल्प बळ पुरते. म्हणजे पहिल्या गोळीनंतर शस्त्र सर्वांत सज्ज व सर्वांत धोकादायक अवस्थेत असते. अमेरिकन सैन्यासाठी ब्राउनिंगने केलेल्या व १९११ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या .४५ व्यासाच्या पिस्तुलावर या विचाराची छाप स्पष्ट आहे. त्याच्या पहिल्या नमुन्यांत अंगठ्याची सुरक्षा कळ नव्हती. घोडदळाची अडचण अशी होती, की बिथरलेल्या घोड्यावर एका हातात लगाम धरलेल्या स्वाराने झाडून झालेले पिस्तूल दुसऱ्या हाताने निर्धोक कसे करावे. मुठीतील कळ व अंगठ्याची कळ अशा दोन्ही सोयी यातून आल्या. घोडा पूर्ण चढवून, कळ लावून हे पिस्तूल बाळगता येते. असे असूनही सैन्यातील सर्वसाधारण शिरस्ता कोठी रिकामी ठेवण्याचा होता. लढाई समोर असल्याशिवाय काडतूस चढवायचे नाही. हजारो नवशिक्यांच्या हाती एकच शस्त्र देणाऱ्या संस्थेला एखाद्या निष्णाताचा वेळ वाचविण्यापेक्षा बराकीतील अपघात टाळणे स्वाभाविकपणेच महत्त्वाचे वाटले.

रिकाम्या कोठीचा सर्वांत विचारपूर्वक पुरस्कार शांघायमध्ये झाला. तेथील आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या नगर पोलीस दलात विल्यम फेअरबर्न व एरिक साइक्स यांनी पिस्तुलाचे शिक्षण नव्याने आखले. त्या शहरात सशस्त्र दरोडे इतके नित्याचे होते, की त्या दोघांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात साडेबारा वर्षांतील ६६६ चकमकींचा हिशोब दिला आहे. त्यांच्या पद्धतीत कोल्ट पिस्तुलावरील सुरक्षा कळ खिळ्याने कायमची निकामी केली जाई, मॅगझिन भरलेले असे व कोठी रिकामी. पिस्तूल बाहेर येता येताच दुसऱ्या हाताने स्लाइड ओढण्याचा सराव शिपायाकडून इतका करून घेतला जाई, की ती एकच हालचाल होऊन बसे. घाईत कळ उघडली आहे की नाही हा संभ्रमच नको, हा त्यांचा मूळ मुद्दा. कोठी रिकामी ठेवणे म्हणजे भित्रेपणा, असे म्हणणाऱ्यांनी या दलाची कामगिरी लक्षात घेतलेली दिसत नाही. मात्र ही पद्धत अखंड सरावावर उभी होती आणि तिला दोन्ही हात मोकळे लागत, हेही तितकेच खरे. इझ्राएलमध्ये हीच पद्धत इतकी रूढ झाली, की अनेक देशांत ती त्या देशाच्या नावाने ओळखली जाते. तिचे कारण असे देतात, की राष्ट्राच्या आरंभीच्या काळात तेथे निरनिराळ्या देशांची व बनावटींची पिस्तुले जमली होती आणि प्रत्येकाची कळ वेगळ्या ठिकाणी व वेगळ्या दिशेने फिरे. सर्वांना लागू पडणारा एकच नियम शिकवायचा, तर तो कोठी रिकामी ठेवण्याचा.

जर्मनीतील वॉल्टर कारखान्याने दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तोडगा १९२९ मध्ये आपल्या पोलिसी पिस्तुलात आणला. त्यात काडतूस कोठीत चढविल्यावर कळ दाबताच टाचणी अडविली जाऊन घोडा निर्धोकपणे खाली येई. पहिल्या गोळीसाठी चाप रिव्हॉल्व्हरप्रमाणे लांब व जड ओढावा लागे, पुढच्या गोळ्यांसाठी हलका. कोठी भरलेली असल्यास मागील बाजूस एक बारीक खीळ बाहेर येई व अंधारातही ती बोटाला जाणवे. जर्मन सैन्याने १९३८ मध्ये स्वीकारलेले पिस्तूल याच तत्त्वावरील होय. अमेरिकेत असे पिस्तूल पोलिसांपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. इलिनॉय राज्याच्या पोलीस दलाने १९६७ मध्ये स्मिथ अँड वेसनचे या पद्धतीचे पिस्तूल स्वीकारले, तेव्हा इतर दले रिव्हॉल्व्हरवरच होती. जेफ कूपर या निवृत्त नौसैनिकी-पायदळ अधिकाऱ्याला हा तोडगा मान्य नव्हता. पहिली गोळी जड व दुसरी हलकी यामुळे नेमबाजी बिघडते, असे त्याचे म्हणणे होते. १९११ चे पिस्तूल घोडा चढवून व कळ लावूनच बाळगावे, असा त्याचा आग्रह असून शस्त्राच्या सज्जतेच्या अवस्थांना क्रमांक देण्याची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत त्याच्याच नावाशी निगडित आहे. तीत भरलेली कोठी, चढलेला घोडा व लावलेली कळ ही पहिली अवस्था, तर रिकामी कोठी व भरलेले मॅगझिन ही तिसरी. ॲरिझोना राज्यात १९७६ मध्ये त्याने काढलेल्या शाळेतून हे मत नागरिकांत पसरले. चढलेला घोडा पाहून सामान्य माणूस दचकतो, परंतु त्या पिस्तुलाचा खरा कच्चा दुवा दुसरीकडे होता : ते उंचावरून नळीच्या तोंडावर पडल्यास सुटी टाचणी स्वतःच्या जडत्वाने पुढे जाऊन टोपीवर आदळण्याचा संभव होता. कोल्टने त्यावर १९८३ मध्ये चाप ओढल्याशिवाय न हलणारा टाचणीचा अडसर बसविला.

गास्टोन ग्लॉक याचे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारले आणि वादाचे स्वरूप पालटले. त्याला बाहेरून घोडा नाही व हाताने लावण्याची कळही नाही. टाचणी अर्धवट ताणलेली असते व तिच्यावरील तिन्ही अडसर चाप ओढतानाच क्रमाने दूर होतात. पडल्याने ते उडत नाही. भरलेली कोठी हीच त्याची स्वाभाविक अवस्था मानली गेली आणि पुढील दोन दशकांत अमेरिकेतील बहुसंख्य पोलीस दले अशा पिस्तुलांकडे वळली. आघातापासून शस्त्र सुरक्षित झाले. त्याबरोबरच सुरक्षिततेचा सर्व भार एका बोटावर येऊन पडला. दचकल्यास, तोल गेल्यास किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडल्यास चापावरील बोट नकळत आवळले जाते. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने आपल्या पिस्तुलांना नेहमीच्या दुपटीहून जड, सुमारे ५.४ किग्रॅ. ओढीचा चाप बसवून घेतला तो या भयानेच. तेवढ्यानेही भागले नाही : नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिन येथील एका इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात नवख्या पोलिसाच्या हातातील पिस्तूल उडाले व भिंतीवरून उसळलेल्या गोळीने एक निःशस्त्र रहिवासी मरण पावला.

झाकून बाळगणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत बोटाचे काम कापडाची घडी, दोरी किंवा लहान मूलही करते. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका नामांकित खेळाडूने म्यानाशिवाय कमरेला खोचलेले पिस्तूल पायजम्यातून खाली घसरले. ते सावरताना चाप ओढला गेला व गोळी त्याच्याच मांडीत शिरली. परवान्याविना शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली. आयडाहो राज्यात २०१४ च्या अखेरीस खरेदीस गेलेल्या एका तरुण मातेच्या पिशवीतील पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. या दोन्ही घटनांत शस्त्रात बिघाड नव्हता. कोठी रिकामी असती, तर दोन्ही टळल्या असत्या : दोन वर्षांच्या मुलाच्या हातात स्लाइड ओढण्याचे बळ नसते. भरलेल्या कोठीचे पुरस्कर्ते याला उत्तर देतात, की चाप पूर्णपणे झाकणारे ताठ म्यान व अंगावेगळे न केलेले शस्त्र यांनीही त्या टळल्या असत्या. शिवाय हल्लेखोर हाताच्या अंतरावर असताना बाळगणाऱ्याचा एक हात बहुधा त्याला ढकलण्यात किंवा मुलाला मागे सारण्यात गुंतलेला असतो. दोन्ही विधाने खरी आहेत. रोज काडतूस चढविणे व उतरविणे हीदेखील निर्धोक सवय नव्हे. अनेक अपघात त्याच वेळी होतात, आणि तेच काडतूस वारंवार कोठीत आपटल्याने गोळी पुंगळीत आत दबून दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

यंत्रणेचा प्रश्न कायमचा सुटला, हा समजही अलीकडे चुकीचा ठरला. अमेरिकन सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये ज्या पिस्तुलाच्या जातीची निवड केली, त्याचा नागरी नमुना विशिष्ट कोनात पडल्यास उडतो, असे त्याच वर्षी चाचण्यांत दिसून आले. ऑगस्टमध्ये झिग झाउअर या उत्पादकाने चाप व इतर भाग विनामूल्य बदलून देण्यास सुरुवात केली.

अमेरिकेत हा वाद इतका सार्वजनिक झाला याचे कारण तेथील कायद्यात आहे. केंटकी व लुइझिअ‍ॅना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी घातली होती व एकोणिसाव्या शतकात तो विचार सामान्य होता. फ्लॉरिडाच्या १९८७ च्या कायद्याने पात्र अर्जदारास परवाना देणे बंधनकारक केले. त्यानंतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला, इलिनॉयने सर्वांत शेवटी, २०१३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा निर्बंध रद्द ठरविला. युटा राज्याच्या कायद्याने तर कोठीचा प्रश्न व्याख्येतच आणला : यंत्रणेच्या एकाच हालचालीने उडेल अशा स्थितीत काडतूस असल्यास पिस्तूल भरलेले समजावे, म्हणजे रिकाम्या कोठीचे पिस्तूल, मॅगझिन भरलेले असूनही, भरलेले नव्हे. तेथे २०२१ मध्ये परवान्याची अट शिथिल होईपर्यंत या व्याख्येला व्यवहारात मोठे महत्त्व होते.

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. परवाना हा येथे हक्क नसून प्रशासनाच्या निर्णयाचा भाग आहे. त्यामुळे पिस्तूल बाळगणाऱ्या नागरिकांचा वर्ग लहान राहिला आणि या विषयावरील चर्चा पोलीस व सैन्य यांच्या प्रशिक्षणापुरती मर्यादित राहिली. सैन्यासाठी ब्राउनिंगच्याच धर्तीचे ९ मिमी. पिस्तूल इशापूर येथे तयार होत आले आहे, तर नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी .३२ व्यासाची रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले बनविली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. पडलेल्या रिव्हॉल्व्हरचा जुना प्रश्न मुंबईत अलीकडेच पुन्हा दिसला. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे चित्रपट-अभिनेते गोविंदा हे प्रवासास निघण्यापूर्वी आपले परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवीत असताना ते हातातून निसटून खाली पडले व उडाले; गोळी त्यांच्या डाव्या पायात, गुडघ्याच्या खाली शिरली. ती त्याच दिवशी शस्त्रक्रियेने काढण्यात आली.